रात्री विजेचा बोर्ड बंद होणाऱ्या घरात एसएसडीची देखभाल आपोआप कशी बसवली: मंगळवार पेठेतल्या एका पीसीचं प्रकरण

आधी मशीन सांगतो म्हणजे पुढचं कळेल. असेंबल केलेला डेस्कटॉप, रायझन ५, १६ जीबी रॅम, विंडोज ११ होम, ४८० जीबीची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह, साटा म्हणजे ती जोडायची जुनी पद्धत; विंडोजला ४४६ दिसते, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे, दुकानदारानं काही मारलेलं नाही) आणि आतच एक जुनी १ टीबीची हार्डडिस्क, बसवल्यापासून जवळपास रिकामी. वय तीन वर्षांच्या आसपास. घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, माझ्या आत्याचं. दिवसभर मशीनवर मामा असतात, म्हणजे आत्याचे मिस्टर, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स असलं सगळं कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात. संध्याकाळी मामा उठले की आत्याचा पोरगा बसतो. त्याचं काम म्हणजे शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचेसचं शूटिंग कापून हायलाइट्स बनवायचं, आणि कोल्हापूरकराला सांगायला नको की पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली मॅच असली की एका दुपारचं फुटेज किती होतं ते. दोघांचं लॉगिन वेगळं. हे वेगळं लॉगिन पुढं महत्त्वाचं आहे, ध्यानात ठेवा.

तक्रार अशी की मशीन आचके देतंय. कोरलमध्ये फाइल सेव्ह करताना दहा-पंधरा सेकंद सगळं गोठतं, पोराचं फुटेज कार्डावरनं कॉपी करताना सुरुवातीला जोरात पळतं आणि मग एकदम सेकंदाला तीस-चाळीस एमबीवर येतं, कधी तर शून्यावर थांबून राहतं. मामांचं म्हणणं, "आता ही एसएसडी गेली, नवीन टाकू." पोराचं म्हणणं नवीन मशीनच घेऊ. आत्याचं म्हणणं दोघंही दिवसभर त्याच्यापुढं बसू नका म्हणजे ते तापणार नाही.

मी टास्क मॅनेजर (मशीनवर कशाचा किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर डिस्क १००% आणि प्रत्यक्ष वेग मात्र ४-५ एमबी, रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंदांत. म्हणजे डिस्क काहीतरी करतेय पण आपलं काम करत नाहीये. अशा वेळी लोक लगेच डिस्क खराब म्हणून मोकळे होतात, पण आधी जागा बघायची असते. सी ड्राइव्हला ४४६ पैकी १७ जीबी मोकळी. चार टक्केसुद्धा नाही.

आता भरलेल्या एसएसडीला एवढा त्रास का होतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढं जे काही बसवलं ते सगळं यावरच उभं आहे. फ्लॅश मेमरीत लिहायचं पेजमध्ये, म्हणजे काही केबीच्या तुकड्यात, पण पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक, ज्यात अशी शेकडो पेजेस असतात. पाटीवर अक्षर अक्षर लिहिता येतं पण पुसताना पाटीच पुसायची, मधलं एक अक्षर पुसायची सोय नाही, तसलं. मग ब्लॉकमध्ये थोडी कामाची आणि थोडी टाकाऊ पेजेस असली की कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्हमधल्या कारभारी चिपला, कामाची पेजेस दुसरीकडं उचलून ठेवावी लागतात आणि मगच ब्लॉक पुसता येतो. याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. मोकळी जागा भरपूर असली तर हे मागं गुपचूप चालतं, जागाच नसली तर तुम्ही सेव्ह दाबल्यावर तुमच्यासमोर चालतं. त्यात ही ड्राइव्ह स्वस्तातली, आत डीरॅम, म्हणजे हा हिशोब पटकन ठेवायची स्वतःची मेमरी, नाही. आणि टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट ठेवणारी) असल्यामुळं वेगाची सगळी मजा एसएलसी कॅशवर, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट ठेवायच्या ऐवजी तात्पुरता एकच ठेवायचा, लिहिणं पटकन होतं, नंतर सावकाश ते तीन-तीन बिटांत दाबून बसवायचं. पुष्कळ ड्राइव्हमध्ये ही कॅश मोकळ्या जागेतनंच काढली जाते. मोकळी जागा १७ जीबी तर कॅश किती निघणार? पाच-सहा जीबी फार तर. मॅचचं फुटेज त्याच्या कितीतरी पट. पहिला थोडा हिस्सा पळतो, बाकीचा रांगतो. पोरगा ज्याला "कार्ड रीडर गंडलाय" म्हणत होता ते हे.

आणि ट्रिम. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा विंडोज फक्त आपल्या वहीत खोडते, ड्राइव्हला काही कळत नाही, ती बिचारी ती मेलेली पेजेस पण कामाची समजून इकडून तिकडं उचलत बसते. ट्रिम म्हणजे विंडोजनं ड्राइव्हला सांगायचं की हे हे पत्ते आता टाकाऊ. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, हे डिलीट करतानाच जातं. पण त्याची रांग भरली तर काही निरोप गळतात, म्हणून विंडोज ८ पासून आठवड्याला एकदा सगळ्या मोकळ्या जागेची यादी परत ड्राइव्हला द्यायची सोय केली, त्याला रीट्रिम म्हणतात. ऑप्टिमाइझ ड्राइव्हज नावाच्या खिडकीत जे साप्ताहिक शेड्यूल दिसतं, एसएसडीच्या बाबतीत ते मुख्यतः हेच.

म्हणजे आपोआप देखभाल विंडोजमध्ये आधीपासनंच आहे. मग इथं का चालली नाही, हा खरा प्रश्न.

एफएसयूटिल या विंडोजच्या कमांडनं ट्रिम चालू आहे का बघितलं, डिसेबल-डिलीट-नोटिफाय पुढं शून्य आलं, म्हणजे चालू. ऑप्टिमाइझच्या खिडकीत मात्र शेड्यूल बंद. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून ॲप्लिकेशन लॉगमध्ये सोर्स डीफ्रॅग आणि आयडी २५८ असा फिल्टर लावला, प्रत्येक यशस्वी रीट्रिमची तिथं एक ओळ पडते, तर शेवटची ओळ वर्षापेक्षा जुनी. मी खिडकीतल्या "शेवटचं कधी झालं" या तारखेवर विसंबत नाही, लॉगच बघतो. विंडोज १० च्या २००४ नावाच्या आवृत्तीत ती खिडकी रीस्टार्ट केल्यावर शेवटची तारीखच विसरायची आणि परत परत ऑप्टिमाइझ करायला धावायची, २०२० च्या सप्टेंबरच्या सुमाराला मायक्रोसॉफ्टनं ते दुरुस्त केलं. तेव्हापासनं ही सवय.

शेड्यूल बंद कुणी केलं? वर्षापूर्वी मशीन एका दुरुस्तीच्या दुकानात गेलं होतं, त्यांनी "स्पीड वाढवून देतो" म्हणून एक बूस्टर टाकून दिला होता. त्या बूस्टरनं विंडोजचं शेड्यूल बंद केलं आणि स्वतःचं चालू केलं, रोज मशीन सुरू झालं की सी ड्राइव्हचं डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं. रोज! एसएसडीला फिरती तबकडी नाही, हेड नाही, फाइलचे तुकडे कुठंही पडले तरी तिला वाचायला जवळपास तेवढाच वेळ, त्यामुळं सरसकट डीफ्रॅग म्हणजे फुकटचं लिहिणं. (विंडोज स्वतःसुद्धा रीस्टोर पॉइंट चालू असतील तर अधूनमधून एसएसडीवर थोडं डीफ्रॅग करते, ते बघून कुणी घाबरू नये, ते कारणानं आणि क्वचित असतं.) बूस्टर काढून टाकला. पोरानं कुठलातरी व्हिडिओ बघून पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जी जागा वापरते ती) पण बंद करून ठेवली होती, "एसएसडी झिजू नये म्हणून", त्यामुळं मोठा फ्लेक्स उघडला की कोरल मेमरी नाही म्हणून पडायचं. ती परत विंडोजच्या ताब्यात दिली.

झीज किती झालीय ते बघायला स्मार्टमॉनटूल्समधलं स्मार्टसीटीएल चालवलं, ते ड्राइव्हनं स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदींची यादी दाखवतं. एकूण लिहिलेलं ३१ टीबी. या वर्गातल्या ४८० जीबीच्या ड्राइव्हला साधारण १२० टीबीडब्ल्यूच्या (म्हणजे एकूण एवढे टीबी लिहीपर्यंत) आसपास वॉरंटी असते, त्या हिशोबानं चौथा हिस्सा संपला. ड्राइव्हचा स्वतःचा अंदाज ८८% आयुष्य शिल्लक. दोन आकडे जुळत नाहीत कारण टीबीडब्ल्यू ही कंपनीनं वॉरंटीसाठी घातलेली मर्यादा, आणि टक्केवारी ही सेल प्रत्यक्षात किती वेळा पुसले गेले त्यावरनं. एक सावधगिरी, त्या यादीतल्या २४१ नंबरच्या ॲट्रिब्यूटचं, म्हणजे एकूण लिहिलेल्याच्या नोंदीचं, एकक कंपनीगणिक बदलतं, कुणी ५१२ बाइटचे सेक्टर मोजतं, कुणी ३२ एमबीचे गठ्ठे, कुणी थेट जीबी. नुसता कच्चा आकडा बघून गणित मांडलं की काहीच्या काही येतं. काही असो, वर्षाला दहा-अकरा टीबी, म्हणजे झिजून मरायला हिला अजून बरीच वर्षं आहेत. मामांना सांगितलं, नवीन घ्यायची घाई नको.

पण त्याच यादीत एक आकडा असा होता की मी दोनदा वाचला. १२ नंबरचं पॉवर सायकल काउंट (ड्राइव्ह किती वेळा चालू-बंद झाली) १,१४०, आणि १७४ नंबरचं अनएक्स्पेक्टेड पॉवर लॉस ४१२. म्हणजे ड्राइव्ह जितक्या वेळा बंद झाली त्यातल्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वेळा ती तयारीत नसताना लाइट गेली. कोल्हापुरात लाइट जाते, वळवाच्या दिवसांत तर ढग गडगडला की जाते, पण ४१२ वेळा?

संध्याकाळी उलगडा झाला. रात्री झोपायच्या आधी आत्या घरभर फिरून बोर्डाची बटणं बंद करते. टीव्ही, मिक्सर, चार्जर, कॉम्प्युटर. पोरगा स्टार्टमधनं शटडाउन देतो, स्क्रीन काळी होते, तो उठतो, आत्या मागनं येते आणि बोर्ड बंद. आता गंमत अशी की फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतंच, विंडोज आपला गाभा डिस्कवरच्या हायबरफाइल नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवते म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. स्क्रीन आधी जाते, लिहिणं नंतरही काही सेकंद चालू. नेमक्या त्या काही सेकंदांत बोर्ड बंद. घरगुती एसएसडीत लाइट गेल्यावर हातातलं काम पुरं करण्यापुरते कपॅसिटर सहसा नसतात, ते सर्व्हरच्या महागड्या ड्राइव्हमध्ये. कुठला डेटा कुठल्या पेजमध्ये आहे याचा नकाशा अर्धवट लिहिला गेला तर ड्राइव्ह सावरते बहुतेक वेळा, पण "बहुतेक" वर घरातली कामाची फाइल ठेवायची नसते.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "मागं शेजाऱ्यांचा टीव्ही वीज पडून गेला तो तू देणार होतास का भरून?" मुद्दा बरोबर आहे तिचा. बोर्ड बंद करणं बंद करा असं मी म्हणालो नाही, म्हणूही नये. घराची शिस्त बदलायला गेलात तर आठवडाभर पाळतील आणि मग जैसे थे. शिस्त आहे तशी धरून काम बसवायचं.

हेच दुसऱ्या बाजूनं ट्रिमलाही लागू. बूस्टर काढून विंडोजचं शेड्यूल परत चालू केलं आणि वाट बघितली. लॉगमध्ये काही नाही. कारण विंडोजची ऑटोमॅटिक मेंटेनन्स ठरलेली रात्री २ वाजताची, मशीन मोकळं असताना. रात्री २ ला इथं बोर्ड बंद. वेळ चुकली तर विंडोज पुढच्या मोकळ्या वेळी करते म्हणतात, पण दिवसा मशीन सोडलं की दहा मिनिटांत स्लीपमध्ये जायचं, आणि जागं असलं की कुणीतरी कामावर. तर मोकळा वेळ असा मिळतच नव्हता. कंपनीनं ज्या घराची कल्पना केलीय तिथं कॉम्प्युटर रात्रभर चालू असतो, मंगळवार पेठेत नसतो.

मग या घरात मशीन चालू आहे आणि कुणी काम करत नाही अशी वेळ कुठली? दुपारी जेवणानंतर मामांची वामकुक्षी. दोन ते साडेतीन. पंचवीस वर्षं चुकलेली नाही, आत्याच्या म्हणण्याप्रमाणं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीपण चुकली नव्हती. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) स्वतंत्र काम टाकलं, दर सोमवारी दुपारी अडीच, कारण सोमवारी मामांचा फ्लेक्सवाला बंद असतो आणि कामाची घाई कमी. काम काय, तर डीफ्रॅग कमांडला सी ड्राइव्ह आणि पुढं स्लॅश एल. हा स्लॅश एल म्हणजे फक्त रीट्रिम, डीफ्रॅग नाही, कमांडच्या नावावर जाऊ नका. विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम अकाउंटवरनं, हायेस्ट प्रिव्हिलेजनं (सगळ्यात वरच्या अधिकारानं), म्हणजे कुणाचं लॉगिन आहे याच्याशी घेणंदेणं नाही. कंडिशन्समधली "मशीन मोकळं असेल तरच" ही खूण काढली, "स्लीपमधनं उठवून चालव" ही लावली. आणि सेटिंग्जमधली सगळ्यात महत्त्वाची, वेळ चुकली तर जमेल तेवढ्या लवकर चालव. ही लावली की मशीन सोमवारी बंद असलं तरी पुढं कधी चालू होईल तेव्हा दहाएक मिनिटांनी काम होऊन जातं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, तिथं एफएसट्रिमचा (तिथली ट्रिमची कमांड) साप्ताहिक टायमर १८.०४ पासून आधीच चालू येतो आणि चुकलेली वेळ भरून काढायची खूण त्यात लावलेलीच असते, विंडोजमध्ये ती आपण हातानं लावायची. विंडोजचं मूळ शेड्यूल पण चालूच ठेवलं, दोन्ही झाले तरी काही बिघडत नाही, मिनिट-दोन मिनिटांचं काम. रोज मात्र लावू नका, आठवड्याला एकदा पुष्कळ झालं.

पण खरं सांगायचं तर रीट्रिम हा या दुखण्यातला छोटा वाटा होता. मोठा वाटा जागेचा, कारण मोकळं असं काही नसेल तर ट्रिम तरी कशाला करणार.

जागा कुठं गेली ते शोधलं तर ९० जीबीच्या वर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची कॅश, जुन्या जुन्या प्रोजेक्टांच्या प्रीव्ह्यू फाइली, आणि ६४ जीबी रिसायकल बिनमध्ये. मामा म्हणाले, बिन तर रिकामं आहे, मी रोज बघतो. खरंच रिकामं होतं, त्यांचं. प्रत्येक युझरचं बिन वेगळं असतं आणि एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. पोरगा मॅच अपलोड झाली की फुटेज डिलीट करायचा, त्याला वाटायचं जागा मोकळी झाली, आणि विंडोजच्या दृष्टीनं त्या फाइली जिवंतच, नुसत्या दुसऱ्या फोल्डरात. म्हणजे ट्रिमचा निरोपही ड्राइव्हला कधी गेलाच नाही.

इथं स्टोरेज सेन्स (नको त्या फाइली आपोआप साफ करणारी विंडोजची सोय) लावला, दोघांच्याही लॉगिनमध्ये वेगवेगळा, कारण तो युझरप्रमाणं चालतो. पोराच्या बाजूला बिन १४ दिवसांनी साफ. मामांच्या बाजूला ३० दिवस, कारण गिऱ्हाईक पत्रिका छापून गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी "तीच पत्रिका द्या, फक्त मुहूर्त बदललाय" म्हणून येतं आणि मामांनी ती तोवर उडवलेली असते. आणि डाउनलोड्स फोल्डर, दोन्हीकडं "कधीच नाही". हे नीट वाचा, कारण स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्स साफ करायचाही पर्याय आहे आणि लोक उत्साहात तो लावतात. मामांच्या डाउनलोड्समध्ये गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले हातानं लिहिलेल्या मजकुराचे फोटो असतात, वधूवरांची नावं, मामा-काकांची यादी, आपला नम्रचा क्रम. त्यातला एक मामा गाळला गेला तर काय होतं ते पत्रिकेच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. ते आपोआप साफ करणारं कुठलंही काम या घरात चालणार नाही.

एडिटिंगची कॅश त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधनंच जुनी हार्डडिस्क दाखवून तिकडं वळवली, आणि पूर्ण झालेल्या मॅचेस पण तिकडंच. एवढं केल्यावर सी ला १९० जीबीच्या आसपास मोकळी जागा झाली आणि आचके त्याच दिवशी थांबले. नवीन काहीही विकत न घेता.

आता पुढचा प्रश्न, हे असंच राहणार कसं. आपोआप चालणाऱ्या कामाची एक खोड असते, ते बंद पडलं तरी आवाज करत नाही. बूस्टरनं शेड्यूल बंद केलं तेव्हा वर्षभर कुणाला पत्ता नव्हता तो याचमुळं. म्हणून पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांडची भाषा) एक छोटी स्क्रिप्ट, तीही रोज त्याच वामकुक्षीच्या वेळी. ती दोन गोष्टी बघते. सी वर १५% पेक्षा कमी जागा राहिली का, आणि २५८ ची शेवटची नोंद पंधरा दिवसांपेक्षा जुनी आहे का. दोन्ही ठीक तर गप्प. नसेल तर पब्लिक डेस्कटॉपवर एक फाइल टाकते, तिचं नावच "सी ड्राइव्ह भरत आलाय" किंवा "ट्रिम झालेलं नाही". पब्लिक डेस्कटॉपवर टाकलेली फाइल दोघांनाही दिसते. अडचण दूर झाली की स्क्रिप्ट ती फाइल स्वतःच काढते. पॉपअप दाखवायला एमएसजी कमांड सोपी पडली असती पण ती होम एडिशनमध्ये मिळत नाही, आणि पॉपअप तसाही मामा न वाचता ओके करतात. एक बारीक खाच सांगतो, विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ ला स्क्रिप्टमध्ये देवनागरी लिहायची असेल तर फाइल यूटीएफ-८ विथ बॉम (फाइलच्या सुरुवातीला लिपीची खूण असलेला प्रकार) अशीच सेव्ह करावी लागते, बॉम नसेल तर डेस्कटॉपवर मराठीच्या जागी किडे-मुंग्या उमटतात.

महिन्यातनं एकदा तीच स्क्रिप्ट स्मार्टसीटीएल चालवून एका सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) एक ओळ वाढवते. तारीख, मोकळी जागा, एकूण लिहिलेलं, उरलेलं आयुष्य, अनएक्स्पेक्टेड पॉवर लॉस, आणि १९९ नंबरचं सीआरसी एरर, म्हणजे डेटा येता-जाता झालेल्या चुका. सीआरसी वाढत असेल तर ड्राइव्हला दोष देण्याआधी साटा केबल बदलून बघायची, इथं काही वाढलं नाही.

बोर्डाचं काय केलं? पहिला विचार आला की रात्री अकराला मशीन आपोआप शटडाउन करावं. पोराला पण पटलं होतं. पण शटडाउन कमांडला स्लॅश टी देऊन दहा मिनिटांची मुदत घातली की सोबत जबरदस्तीनं प्रोग्राम बंद करायचा स्लॅश एफ आपोआप धरला जातो, म्हणजे कोरलमध्ये सेव्ह न केलेली पत्रिका गेली. लग्नसराईत मामा अकरानंतर पण बसलेले असतात. तर हे काम आपोआप करायचंच नाही असं ठरलं. त्याऐवजी फास्ट स्टार्टअप बंद केला, सकाळी उठायला थोडा जास्त वेळ लागतो, कुणाची हरकत नाही. आणि आत्याला एवढंच सांगितलं की स्क्रीन बघू नकोस, कॅबिनेटवरचा निळा दिवा विझला की मग बटण दाब. ती म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" यूपीएस होताच, ६०० व्हीएचा, बॅटरी कधीच मेलेली आणि नुसता एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून वापरात. बॅटरी बदलली. तेवढ्यावर मशीन नीट बंद करायला पुरेसा वेळ मिळतो.

बॅकअप शेवटी सांगतोय, पण महत्त्वाला शेवटचा नाही. एसएसडी हार्डडिस्कसारखी आधी खडखड करत नाही. ९९% हेल्थ दाखवणारी ड्राइव्ह सकाळी बायोसमध्येच दिसत नाही असं होतं, कारण सेल चांगले असले तरी कंट्रोलर जाऊ शकतो. त्यामुळं रोज दुपारी रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडनं मामांचं कोरलचं फोल्डर हार्डडिस्कवर जातं, स्लॅश ई (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) लावून. स्लॅश मिर मुद्दाम लावला नाही, तो दोन्हीकडं सारखं ठेवतो, म्हणजे इकडं चुकून उडवलं की तिकडनंही उडवतो. पोराच्या फुटेजला बॅकअप नाही, त्याचं म्हणणं चॅनेलवर आहेच की. ठीक आहे. हार्डडिस्क त्याच डब्यात असल्यामुळं हा अर्धाच बॅकअप, म्हणून लग्नसराई संपली की मामांनी बाहेरच्या हार्डडिस्कवर एक प्रत काढून कपाटात ठेवायची असं ठरलंय. मामांकडं एक जुनी एसएसडी पडून आहे, तीच वापरू का असं त्यांनी विचारलं. नको म्हणालो. लाइट नसताना फ्लॅशमधला चार्ज हळूहळू गळतो, घरगुती एसएसडीसाठी जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा निकष असा की आयुष्य पुरं वापरून झालेल्या ड्राइव्हनं ३० डिग्रीला वर्षभर डेटा धरावा, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये कपाटात ३० डिग्रीच्या वर जातं.

ड्राइव्हच्या फर्मवेअरचं (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आपोआप नाही. ते वर्षातनं एकदा बघायचं, गरज असेल तरच आणि बॅकअप हातात असताना, यूपीएसवर.

आतापर्यंतचं सीएसव्ही सांगतं की पॉवर लॉसचा आकडा ४१२ वरनं ४१५ वर गेलाय, त्यातला एक तरी वळवाच्या पावसातला, यूपीएसची बॅटरी येण्याआधीचा. २५८ ची नोंद दर सोमवारी आहे, मधे एकदा सगळे गावी गेले तेव्हा सोमवार चुकला आणि परत आल्यावर मशीन लावलं तसं थोड्या वेळात काम झालेलं दिसतं. "सी ड्राइव्ह भरत आलाय" ही फाइल एकदा आली, ऐन फुटबॉलच्या सीझनमध्ये, आणि मामांनी ती बघून पोराला हाक मारली, मला फोन आला नाही. पोरानं दोन मॅचेस हार्डडिस्कवर सरकवल्या, दुसऱ्या दिवशी फाइल गेली.

जे सुटलेलं नाही ते पण लिहितो. मोठं फुटेज एका दमात कॉपी केलं की पहिले काही जीबी पळून वेग अजूनही पडतो, पूर्वीपेक्षा बराच उशिरा पडतो पण पडतो. ती त्या ड्राइव्हची कुवत आहे, कुठल्याही शेड्यूलनं ती वाढत नाही. मदरबोर्डवर एम.२ चा एक स्लॉट मोकळा आहे, तिथं डीरॅमवाली १ टीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) टाकायची आणि साटावाली फक्त फुटेजला ठेवायची असं पोराच्या मनात आहे, पैसे चॅनेलमधनं काढतो म्हणतो. त्यानं फुटेज न्यायला एक स्वस्तातला यूएसबी एन्क्लोजर (ड्राइव्ह बाहेरनं जोडायचा डबा) पण आणलाय, पण त्यातला ब्रिज, म्हणजे यूएसबी आणि ड्राइव्हमधली चिप, ट्रिमचा निरोप पुढं देत नाही, त्यामुळं त्या ड्राइव्हला यातलं काहीच लागू नाही, ती अधूनमधून काढून सरळ मशीनला जोडूनच ट्रिम करावी लागणार. नवीन ड्राइव्ह आली तर टास्क शेड्युलरमधली कामं तीच राहतील, फक्त स्मार्टसीटीएलचा भाग नव्यानं लिहावा लागेल, कारण एनव्हीएमईला ते १७४, २४१ असले नंबर नसतात, तिथं अनसेफ शटडाउन्स आणि पर्सेंटेज यूज्ड अशा सरळ नावांनी आकडे येतात, आणि पर्सेंटेज यूज्ड वर चढत जातो, आत्ताच्या ड्राइव्हसारखा खाली उतरत नाही.